आधारला विरोध: 'नाही' म्हणायची जागा नेमकी कुठे उरली आहे?

खाकी_फाईल (धागाकर्ता)

२६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचा आधारवरचा निकाल आला आणि त्यानंतर आधारविरोधाची चर्चा जवळजवळ बंदच पडली. आता दोनच सूर ऐकू येतात. एक, "विरोधक हरले, विषय संपला." दुसरा व्हॉट्सॲपवरचा, "कोर्टाने सांगितलंय, आधार कुठेच सक्तीचं नाही." दोन्ही धादांत चूक.

माझं मत असं: विरोधक तत्त्वाच्या मुद्द्यावर ४ विरुद्ध १ असे हरले, पण तपशिलात त्यांनी बरंच पदरात पाडून घेतलं. ते कुठे वापरायचं हे लोकांना ठाऊक नाही, म्हणून ते पडून आहे. बँकेतला क्लार्क, शाळेतला शिपाई, लॉजचा मॅनेजर आधार मागतो आणि आपण मुकाट देतो.

तर प्रश्न सरळ आहे. आज कायद्याने कुठे 'नाही' म्हणता येतं, त्याऐवजी काय दाखवायचं, आणि जिथे म्हणता येत नाही तिथे निदान नुकसान कसं टाळायचं? जाणकारांनी कलमं, क्रमांक, पद्धत असं लिहावं. "ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्याने कशाला घाबरावं" हा प्रतिसाद कृपया कुणी टाकू नये, तो वाचून झालाय.

गुळपोळी

चोराच्या मनात चांदणं!

घ्या, वेगळ्या शब्दांत टाकला. आता पुढे चला.

कलम_बहाद्दर

सक्ती कुठे वैध आहे ते आधी पाहू, म्हणजे उरलेलं आपोआप कळेल.

पहिली जागा आधार कायदा २०१६ चं कलम ७. सरकारी तिजोरीतून म्हणजे संचित निधीतून मिळणारं अनुदान, लाभ किंवा सेवा. मूळ कायद्यात फक्त केंद्राचा संचित निधी होता, २०१९ च्या दुरुस्तीने राज्याचाही आला. रेशन, गॅस सबसिडी, राज्याच्या थेट पैसे देणाऱ्या योजना सगळ्या यात बसतात. दुसरी जागा १९६१ च्या आयकर कायद्याचं १३९एए, म्हणजे पॅनला आधार जोडणं. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्या. सिक्रींनी ही दोन्ही टिकवली.

काय पडलं ते बघा. मोबाईल सिमला आधार जोडायचं दूरसंचार खात्याचं मार्च २०१७ चं परिपत्रक रद्द. बँक खात्याला सक्तीने जोडायचा नियम रद्द. कलम ५७ मधली खासगी कंपन्यांना मोकळीक रद्द. सीबीएसई, नीट, यूजीसी यांना परीक्षेसाठी सक्ती करता येणार नाही. शाळाप्रवेश हा कलम ७ मधला 'लाभ' नाही, त्यामुळे तिथेही नाही. निवृत्त सरकारी नोकराची पेन्शन ही त्याने कमावलेली आहे, ती कल्याणकारी लाभात मोडत नाही, हेही निकालात आहे. पडताळणीच्या नोंदी पाच वर्षं ठेवण्याची तरतूद होती, ती सहा महिन्यांवर आली. कायद्याचा भंग झाला तर फक्त आधार चालवणारं प्राधिकरणच (यूआयडीएआय) तक्रार करू शकेल असं कलम ४७ म्हणत होतं, आता ज्याची माहिती आहे तो नागरिकही करू शकतो.

मग २०१९ च्या दुरुस्तीने बँका आणि मोबाईल कंपन्यांना मागच्या दाराने परत आत घेतलं, पण 'ऐच्छिक' शब्द लावून. ग्राहकाने आधार दिलं नाही म्हणून सेवा नाकारता येत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. जानेवारी २०२५ च्या नियमांनी हे दार आणखी किलकिलं केलं, खासगी संस्थांनाही मंजुरी घेऊन पडताळणी करता येते. तरी ऐच्छिकपणा कागदावर शाबूत आहे.

खाकी_फाईल

@कलम_बहाद्दर, नेमकं हेच हवं होतं. बँकेच्या काउंटरवर काय म्हणायचं तेही सांगा. तिथे कलम सांगितलं की समोरचा मान वर करून बघतो आणि पुढचं टोकन पुकारतो.

कलम_बहाद्दर

कलम नका सांगू, 'ओव्हीडी' म्हणा, म्हणजे अधिकृत वैध कागदपत्र. हा त्यांच्याच मॅन्युअलमधला शब्द आहे. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत वैध कागदपत्रं सहा: पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचं राज्य अधिकाऱ्याची सही असलेलं जॉबकार्ड, राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं पत्र, आणि आधार बाळगल्याचा पुरावा. पहिल्या पाचांतलं एक पुरतं, सोबत पॅन किंवा, पॅन नसेल तर, फॉर्म ६०.

अपवाद एकच. त्या खात्यात सरकारी योजनेचे पैसे घ्यायचे असतील तर आधार द्यावं लागेल. आणि पुरावा म्हणून आधारची प्रत दिलीच, तर क्रमांक झाकून घेण्याची जबाबदारी बँकेची आहे.

हिशेबी

एकतर्फी चाललंय म्हणून दुसरी बाजू मांडतो. आधारच्या आधी रेशनला काय होतं? एकाच घरात तीन कार्डं, मेलेल्यांच्या नावाने धान्य, दुकानदाराकडे पन्नास कार्डांचा गठ्ठा आणि तोच सगळ्यांवर अंगठे उठवायचा. ज्याच्याकडे जन्मदाखला नाही, सातबारा नाही, वीजबिल नाही, त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा एक कागद मिळाला. पासपोर्ट आणि लायसन्स दाखवून 'मी आधार देत नाही' म्हणणं ही ज्याच्याकडे पासपोर्ट आणि लायसन्स आहे त्याची चैन आहे.

विरोध करा, पण कुणाच्या वतीने करताय तेही बघा.

पाचशेरी

@हिशेबी, शेवटचं वाक्य पटलं. पण रेशनचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं.

रेशनमध्ये चोरी दोन प्रकारची. एक ओळखीची, म्हणजे बोगस किंवा दुबार कार्ड. दुसरी मापाची. ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं हेच सांगताहेत की मोठी गळती मापातली आहे. ई-पॉस, म्हणजे रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र, माणूस ओळखतं, किलो मोजत नाही. अंत्योदय कार्डाला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो. अंगठा ३५ वर उमटला आणि पिशवीत ३२ पडले, तर यंत्राच्या लेखी व्यवहार चोख झाला. उलट आता कार्डधारकाचा स्वतःचा अंगठा पुरावा म्हणून दुकानदाराच्या बाजूने उभा राहतो. म्हणून वजनकाटा ई-पॉसला जोडलेला असणं हे अंगठ्यापेक्षा महत्त्वाचं. काटा जोडलेला असेल तर पावतीवर वजन काट्यावरून येतं, नसेल तर दुकानदार आकडा टाईप करतो.

आता अंगठा लागत नाही तेव्हा काय, हे पायरीपायरीने. दुकानदार कार्डाचा १२ अंकी आरसी क्रमांक टाकतो, कुटुंबातल्या सदस्यांची यादी येते, सदस्य निवडायचा, बोट ठेवायचं. नाही जुळलं तर दुसरं बोट, मग घरातला दुसरा सदस्य. कुणातरी एकाचं जुळलं की अख्ख्या कार्डाचं धान्य निघतं, पण दुकानदार पुष्कळदा ज्याच्या नावाने कार्ड आहे त्या बाईलाच बोलावतो. कुणाचंच जुळलं नाही तर डोळ्याचं स्कॅन किंवा मोबाईलवर ओटीपी. तेही नाही झालं तर अपवाद नोंदवही.

शेवटची पायरी कुणी आपणहून सांगत नाही. केंद्राच्या अन्न खात्याचं २४ ऑक्टोबर २०१७ चं पत्र आहे: आधार नाही म्हणून कार्ड रद्द करायचं नाही, आणि पडताळणी फसली तर रेशनकार्डावर धान्य देऊन नोंदवहीत नोंद करायची. हे पत्र कशामुळे निघालं तेही लक्षात असू द्या. त्याच्या महिनाभर आधी झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची मुलगी गेली. आधार जोडलं नाही म्हणून त्या घराचं रेशनकार्ड रद्द झालं होतं. घरचे म्हणाले भुकेने, सरकार म्हणालं मलेरियाने. कार्ड रद्द झालं होतं यावर मात्र वाद नव्हता.

बिटबाईट

बोट का जुळत नाही याचं तांत्रिक उत्तर. नोंदणीत दहा बोटं, दोन डोळे आणि चेहरा घेतात. बोटाच्या चित्रातून रेघा कुठे संपतात, कुठे फाटे फुटतात ते बिंदू काढले जातात आणि तुलना त्या बिंदूंची होते. ऊसतोड, विटा, सिमेंट, भांडी घासायची पावडर, चुना, उतारवय यांनी रेघा झिजतात. थंडीत कातडी कोरडी पडली की स्कॅनरला रेघा तुटक दिसतात. ओला हात असेल तर रेघा एकमेकींत मिसळतात.

घरी करता येण्याजोगं: हात साबणाने धुवून पूर्ण कोरडा करायचा, फारच कोरडा असेल तर तेच बोट कपाळाला घासायचं, आणि बोटाचं टोक न ठेवता पेराचा मधला फुगीर भाग काचेवर सपाट ठेवायचा. जोरात दाबलं की रेघा पसरतात, म्हणून हलकंच. काच पुसायला सांगा, दिवसभराचं तेल तिथे साठलेलं असतं.

फसलं की पडद्यावर येणारा क्रमांक लिहून घ्या. ३०० म्हणजे बोट जुळलं नाही. ३३० म्हणजे बायोमेट्रिक धारकानेच लॉक केलंय. ८११ म्हणजे मध्यवर्ती साठ्यात बायोमेट्रिकच नाही. ९९७ म्हणजे आधार निलंबित, ९९८ म्हणजे क्रमांकच अवैध. ३०० ला दुसरं बोट चालतं, ८११ आणि ९९७ ला कितीही बोटं बदला, आधार केंद्रातच जावं लागेल. लोक महिनोन्महिने ९९७ वर अंगठे घासत बसतात.

२०१८ च्या सुनावणीत प्राधिकरणाच्या सीईओंनी खुद्द न्यायालयात सरकारी सेवांतल्या पडताळणीचं यश ८८ टक्के सांगितलं होतं. उरलेले १२ टक्के म्हणजे लगेच १२ टक्के माणसं वंचित असं नव्हे, एकाच माणसाचे अनेक प्रयत्न त्यात असतात. पण विरोधकांच्या हातातला सगळ्यात भक्कम आकडा हाच होता, आणि तो सरकारनेच दिला.

गुळपोळी

आणि त्याच सुनावणीत महान्यायवादी वेणुगोपाल म्हणाले होते की माहिती १३ फूट उंच आणि ५ फूट जाड भिंतीआड सुरक्षित आहे. हॅकर शिडी घेऊन येणार असं धरून चाललेले बहुतेक.

सातपुडा_एक्सप्रेस

@पाचशेरी आणि @बिटबाईट यांना पुरवणी. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. तेव्हा कायदाच नव्हता हे लोक विसरतात. जानेवारी २००९ मध्ये नियोजन आयोगाच्या अधिसूचनेने प्राधिकरण उभं राहिलं, विधेयक २०१० मध्ये आलं, आणि यशवंत सिन्हांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय स्थायी समितीने ते डिसेंबर २०११ मध्ये परत पाठवलं. कायदा झाला तो २०१६ मध्ये, धन विधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेला अडवता येऊ नये अशा वाटेने. मधली साडेपाच वर्षं कोट्यवधी लोकांचे ठसे कोणत्या कायद्याखाली घेतले, याला आजही नीट उत्तर नाही.

अक्कलकुवा, धडगावकडच्या पाड्यांवर बोटाच्या आधी रेंज फसते. यंत्रात सिम असतं, रेंज टेकडीवर. पडताळणी ऑनलाईनच होते, बोट तिथल्या तिथे जुळत नाही. सर्व्हर नाही म्हटलं की अख्खी रांग उद्या या. यात क्रमांक येत नाही आणि पावतीही निघत नाही, त्यामुळे माणूस येऊन गेल्याची नोंदच राहत नाही. खरी वंचितांची संख्या आकडेवारीत दिसत नाही ती यामुळे.

बिटबाईट

यावरचा उपाय साधा आहे. त्या दिवशी लेखी अर्ज: तारीख, वेळ, दुकान क्रमांक, आरसी क्रमांक, 'सर्व्हर बंद' किंवा क्रमांक ३००, अपवाद नोंदवहीतून धान्य देण्याची विनंती, २४ ऑक्टोबर २०१७ च्या पत्राचा उल्लेख. दोन प्रती, एकीवर पोच. दुकानदार पोच देत नसेल तर तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेत, आणि रेशनच्या हेल्पलाईनला, १९६७ वर तक्रार. अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्याच्या वर राज्य अन्न आयोग. कलम ८ मध्ये धान्य न मिळाल्यास भत्त्याचीही तरतूद आहे. तोंडी भांडणाची नोंद कुठेच होत नाही.

थेम्सकाठी

इकडची, म्हणजे ब्रिटनची गोष्ट इथे लागू पडते. २००६ मध्ये ओळखपत्र कायदा झाला. २००९ च्या नोव्हेंबरात मँचेस्टरपासून कार्डं द्यायला सुरुवात, किंमत ३० पौंड. विरोधाची संघटना 'नो टू आयडी' २००४ पासून काम करत होती. त्यांनी कार्डावर भर दिलाच नाही, मागच्या नोंदवहीवर दिला: प्रत्येक वेळी कार्ड तपासलं की नोंद होणार आणि ती आयुष्यभर साठणार. २००७ मध्ये करखात्याने बालभत्त्याच्या अडीच कोटी लोकांची माहिती असलेल्या दोन सीडी टपालात हरवल्या, तेव्हा लोकांना मुद्दा आपोआप कळला. २०१० मध्ये सरकार बदललं, कायदा रद्द झाला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये नोंदवहीच्या हार्डडिस्क अक्षरशः भरडून टाकल्या. कार्डधारकांना ३० पौंड परत मिळाले नाहीत.

हे जमलं कारण कार्डं जेमतेम १५ हजार होती आणि ती दुसऱ्या कशालाही जोडलेली नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये स्टार्मर सरकारने डिजिटल ओळख पुन्हा जाहीर केली, संसदेच्या संकेतस्थळावरच्या विरोधी याचिकेवर २५ लाखांहून जास्त सह्या पडल्या. आणि पुढच्याच महिन्यात हे साहेब मुंबईत आधारचे जनक नंदन नीलेकणींना भेटले!

हिशेबी

म्हणजे आपण निर्यात करतोय. चांगलंच आहे की.

पोस्टमन_काका

ऑस्ट्रेलियाही जोडा. हॉक सरकारने 'ऑस्ट्रेलिया कार्ड'साठी १९८७ मध्ये संसदेची दोन्ही सभागृहं विसर्जित करून निवडणूक लढवली, जिंकली, आणि मग कुणीतरी विधेयकात खोट काढली. कायदा लागू करण्याची तारीख नियमाने ठरवायची होती आणि नियम फेटाळायचा अधिकार सिनेटला होता, सिनेट विरोधकांच्या हातात. योजना गुंडाळली. पण लगेच करदात्याचा फाईल नंबर बळकट केला आणि हळूहळू बँक, नोकरी, भत्ते त्याला जोडले. पुढच्या दाराने हाकललं ते मागच्या दाराने आलं. आपल्याकडे पॅनचं वेगळं काय झालं?

कलम_बहाद्दर

पॅनबद्दल. १ जुलै २०२३ पासून न जोडलेलं पॅन निष्क्रिय. म्हणजे परतावा अडकतो आणि टीडीएस साधारण २० टक्के दराने कापला जातो. उशिरा जोडायचा दंड १००० रुपये. जुलै २०२५ पासून नवं पॅन काढायलाच आधार लागतं. सूट चौघांना, मे २०१७ च्या अधिसूचनेने: आसाम, मेघालय, जम्मू-काश्मीरचे रहिवासी, अनिवासी, ८० वर्षं किंवा त्यावरील, आणि भारताचे नागरिक नसलेले. परदेशी मराठी मंडळींनी आयकर पोर्टलवर आपली निवासी स्थिती 'अनिवासी' आहे का ते तपासावं. सूट आहे म्हणून गप्प बसलं आणि पोर्टलवर 'निवासी' राहिलं, की पॅन निष्क्रिय होतं. दर वर्षी हेच घडतं.

यात तत्त्वाचं 'नाही' म्हणायला जागा नाही. म्हणायचंच असेल तर २० टक्के मोजून.

खडीसाखर

रेशन आणि टॅक्स झालं, पण बायकांचं सगळ्यात मोठं दुखणं राहिलं: पैसे कुठल्या खात्यात जातात. लाडकी बहीणच्या दीड हजारांवरून गावोगाव हाच गोंधळ.

बँकेत आधार 'लिंक' असणं आणि पैसे येण्यासाठी 'सीडिंग' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिंक म्हणजे बँकेच्या दप्तरी क्रमांक आहे. सीडिंग म्हणजे एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणारं राष्ट्रीय महामंडळ) मॅपरमध्ये, म्हणजे यादीत, त्या क्रमांकासमोर या बँकेचं नाव आहे. मॅपरमध्ये एका आधारला एकच बँक, आणि शेवटी ज्या बँकेने नोंदवली ती. म्हणून मेळाव्यात, मोबाईलच्या दुकानात अंगठा देऊन उघडलेलं शून्य शिलकीचं खातं आधीच्या खात्याची जागा घेतं. २०१७ मध्ये एका टेलिकॉम कंपनीच्या पेमेंट्स बँकेत लोकांच्या गॅस सबसिड्या अशाच वळल्या होत्या. सिमच्या पडताळणीसाठी दिलेल्या अंगठ्यावर खाती उघडली गेली होती.

तपासायला माय आधार संकेतस्थळावर ओटीपीने शिरून 'बँक सीडिंग स्टेटस' बघायचं. बँकेचं नाव आणि सक्रिय की निष्क्रिय ते दिसतं. बदलायचं तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा संमती अर्ज, त्यात आधीच्या बँकेचं नाव टाकायचं. काढून टाकायचा अर्जही असतो, तो मागून घ्यावा लागतो.

त्यात सप्टेंबर २०२५ च्या ई-केवायसीत बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार आणि त्याच्या मोबाईलवरचा ओटीपी मागितला. ज्यांना दोघंही नाहीत, किंवा नवऱ्याने टाकून दिलंय, त्यांनी ओटीपी कुणाचा आणायचा? माणूस ओळखायची म्हणून आणलेली व्यवस्था घरातल्या पुरुषाची परवानगी मागायला लागली. @हिशेबी, वंचितांच्या वतीने विरोध कसा दिसतो, तर असा.

हिशेबी

@खडीसाखर, हे मान्य. ती योजनेची आखणी चुकली, आधारचा दोष नव्हे, असं तरीही म्हणेन.

खडीसाखर

ज्या योजनेला हाताशी आधार आहे तिची आखणी दर वेळी अशीच का चुकते, एवढंच बघा म्हणते मी.

बिटबाईट

क्रमांक जाऊन बसलाय, आता नुकसान कसं टाळायचं. एईपीएसने, म्हणजे आधारवर अंगठा देऊन खात्यातून पैसे काढायच्या सोयीने, पैसे काढायला बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोट एवढंच लागतं. पिन नाही, ओटीपी नाही. एका व्यवहाराला १० हजारांची मर्यादा. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवर ठसा आणि आधार क्रमांक दोन्ही असतात, त्यांच्या स्कॅनवरून रबरी नकला करून खाती रिकामी केल्याचे गुन्हे अनेक राज्यांत नोंदलेत. त्यानंतर जिवंत बोट आहे का ते तपासणारी पद्धत आली, जुने स्कॅनर बाद करून नवे एल-१ प्रतीचे आणायला लावले.

आपण करायचं ते असं. माय आधारवर किंवा ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक. लागेल तेव्हा तात्पुरतं उघडायचं, दहा मिनिटांनी परत बंद होतं. क्रमांकच लॉक करायचा असेल तर आधी १६ अंकी व्हीआयडी, म्हणजे आधारऐवजी चालणारा बदली क्रमांक, काढा: आधारच्या हेल्पलाईनला, १९४७ वर एसएमएस, रोमन मोठ्या अक्षरांत जीव्हीआयडी, मोकळी जागा, आधारचे शेवटचे चार अंक. व्हीआयडी नसताना क्रमांक लॉक होत नाही, आणि लॉक झाल्यावर फक्त व्हीआयडीच चालते.

इथली मेख: ज्याला रेशन अंगठ्यावर मिळतं त्याने बायोमेट्रिक लॉक केलं की दुकानात ३३० येतो. साधा फोन असलेल्या म्हातारीने दुकानासमोर उभं राहून ॲप उघडायचं का? म्हणून अशांनी लॉकच्या भानगडीत न पडता शाखेत लेखी अर्ज देऊन खात्यावरची एईपीएस पैसे काढण्याची सोय बंद करावी. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० वर फोन आणि बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत लेखी कळवणं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार तिसऱ्याच कुणाच्या लबाडीने पैसे गेले असतील आणि तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य.

गुळपोळी

आणि झेरॉक्सचं काय? आपल्याकडे बारशाच्या हॉललाही आधारची झेरॉक्स मागतात. बाळाची नाही मागत हे नशीब.

कलम_बहाद्दर

लॉज, हॉल, जिम, सोसायटीचा गेट, कुणालाही आधारचीच झेरॉक्स मागायचा अधिकार नाही. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने 'झेरॉक्स कुणाला देऊ नका, मास्क केलेलं द्या' असं पत्रक काढलं, दोन दिवसांत केंद्राने ते मागे घेतलं. गैरसमज होईल म्हणे! मास्क आधार मात्र आजही संकेतस्थळावरून उतरवता येतं, फक्त शेवटचे चार अंक दिसतात. फाईलचा पासवर्ड नावाची पहिली चार रोमन मोठी अक्षरं आणि जन्मसाल. प्रतीवर आडवं लिहा: कुणासाठी, कशासाठी, तारीख, सही.

आरटीओचा शिकाऊ परवाना घरबसल्या हवा असेल तर आधार ई-केवायसी लागतं. 'आधारशिवाय' हा पर्याय निवडला तर कार्यालयात जाऊन चाचणी द्यायची. मतदारयादीला आधार जोडायचा ६बी अर्जही सक्तीचा नाही, तसं निवडणूक आयोगाने सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलंय. घरी अर्ज घेऊन येणारा बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राचा अधिकारी, तुम्हाला हे सांगणार नाही.

पोस्टमन_काका

नावाचं कुणी काढलंच नाही. पडताळणीत जास्तीत जास्त अडकतं ते नावापाशी. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर मधलं नाव गायब. लग्नानंतर बाईचं नाव, बापाचं नाव, आडनाव तिन्ही बदलतात. यंत्राला 'सौ. कां.' कळत नाही. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदा. म्हणून आधी दुसरे कागद आधारसारखे होतात का ते बघायचं, आधार शेवटी. पूर्ण नावच बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्र लागतं. पत्ता, नाव दुरुस्तीला केंद्रात ७५ रुपये, बोटं-डोळे नव्याने द्यायला १२५, ऑक्टोबर २०२५ पासून. जास्त मागितले तर पावती मागायची, पावतीवर आकडा छापलेला येतो.

सातपुडा_एक्सप्रेस

मूळ प्रश्नाकडे येतो, शाळेचं. कलम_बहाद्दर म्हणतात शाळाप्रवेशाला सक्ती नाही. मग आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेपासून सगळे हात धुवून का मागे लागतात? आणि आता अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा आधारवरून काढलेला कायमचा क्रमांक.

शिक्षकदिन

कारण संचमान्यता. शाळेत किती शिक्षकांची पदं मंजूर ते पटसंख्येवर ठरतं, आणि पट मोजताना ज्यांचं आधार पोर्टलवर वैध ठरलंय तेच विद्यार्थी धरले जातात. नावातल्या एका अक्षराने वीस मुलं 'अवैध' झाली की एक पद धोक्यात. मुख्याध्यापक पालकाला 'सक्तीचं आहे' म्हणतात तेव्हा सक्ती त्यांच्यावर असते, पालकावर नसते. म्हणजे कायद्याने पालक मोकळा, पण त्याने 'नाही' म्हटलं की बाई बदलून जाणार. सक्ती करायची ही सगळ्यात हुशार तऱ्हा आहे.

अपार ऐच्छिक आहे. पालकाच्या सहीचं संमतीपत्र लागतं आणि संमती मागेही घेता येते. अडचण अशी की बऱ्याच ठिकाणी सगळ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात ते घालून सही घेतात. गठ्ठ्यातून ते पान बाजूला काढायचं, 'संमती नाही' लिहून तारीख-सहीसह द्यायचं, फोटो काढून ठेवायचा. नुसतं कोरं सोडलं तर नंतर कुणी भरलं हे सांगता येत नाही.

कलम_बहाद्दर

@शिक्षकदिन, संचमान्यतेचा मुद्दा फार महत्त्वाचा, न्यायालयात हा मांडायला हवा होता. त्याला जोडून: मुलाची नोंदणी पालकाच्या संमतीनेच, आणि २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम ३ए म्हणतं की मूल १८ वर्षांचं झाल्यावर सहा महिन्यांत आधार रद्द करायचा अर्ज करू शकतं. देशात बाहेर पडायचं दार आहे ते एवढंच, आणि ते सहा महिनेच उघडं असतं. मोठ्यांना तेही नाही.

खाकी_फाईल

घरात सतरा-अठराची मुलं असलेल्यांनी हे कलम नोंदवून ठेवावं. पॅन आणि शिष्यवृत्ती दोन्ही आधारवर चालतात, तेव्हा रद्द करण्याआधी हिशेब करावा लागेल हे उघड आहे.

एक राहिलं. आपलं आधार कुणी कधी तपासलं ते बघायची सोय आहे ना?

बिटबाईट

आहे. माय आधारवर 'ऑथेंटिकेशन हिस्टरी'. मागचे सहा महिने, एका वेळी ५० नोंदी. तारीख, वेळ, बोट की ओटीपी, तपासणाऱ्या संस्थेचं नाव, आणि फसलं असेल तर क्रमांक. ओळखीची नसलेली संस्था दिसली तर त्या ओळीतला व्यवहार क्रमांक टिपून १९४७ वर तक्रार आणि बायोमेट्रिक लॉक त्याच दिवशी. सहा महिन्यांनी नोंद जाते, म्हणून तिमाहीला एकदा उतरवून ठेवा. रेशनवाल्यांनी तर नक्कीच: दुकानात 'जुळलं नाही' सांगितलं आणि इथे त्याच मिनिटाला 'यशस्वी' दिसलं, तर धान्य उचललं गेलंय. ते पान छापून तहसीलच्या पुरवठा शाखेत द्यायचं, पोच घेऊन.